मस्टरवरची आडनावं

वाळूजच्या कुठल्याही मोठ्या कारखान्याचं मस्टर हातात घ्यावं आणि आडनावं वाचत जावं. जाधव, शिंदे, शेख, गायकवाड ओळीनं येतात. राठोड आणि चव्हाण पानोपानी असतात, त्यातले बरेचसे तांड्यावरचे. आणि मधूनच एखादा मडावी दिसतो, एखादा आत्राम, तोडसाम, पेंदोर, ही गोंड आदिवासींची आडनावं. मी बरीच वर्षं या औद्योगिक वसाहतीत एचआरमध्ये नोकरी करते. या सगळ्यांचा रक्तगट, पीएफ नंबर, बँक खातं, सेफ्टी शूजचं माप आमच्याकडे नोंदलेलं आहे. पण किनवटहून नंदीग्राम एक्स्प्रेसनं आलेला पोरगा कुठल्या मुलखातून आला, घरी कुठली भाषा बोलतो, सण कधी करतो, सोयरीक कशी जुळवतो, हे त्याच्या शेजारच्या मशीनवर पाच वर्षं उभ्या असलेल्या माणसालाही ठाऊक नसतं. सुपरवायझरला तर नसतंच.

संभाजीनगरात आदिवासी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गडचिरोली येते, मेळघाट येतो, फार तर नंदुरबार. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, संत, वेरूळ-अजिंठा आणि ऊसतोड. या चित्रात किनवट-माहूरचे गोंड, कोलाम आणि प्रधान बसत नाहीत. कळमनुरी-औंढ्याकडचे आंध बसत नाहीत. कन्नड-सोयगावच्या डोंगरपायथ्याचे भिल्ल आणि धाराशिव-बीडकडचे पारधी तर नाहीतच. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात १ कोटी ५ लाखांहून जास्त आदिवासी आहेत, म्हणजे दर शंभरातले नऊ. केंद्रानं विशेष असुरक्षित ठरवलेल्या राज्यातल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक, आणि कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आमच्याच विभागातल्या किनवट तालुक्यात आहेत. शहरातल्या ऑफिसात बसून आपण ‘दूरच्या’ संस्कृतीबद्दल शिकायच्या गोष्टी करतो, आणि ती संस्कृती जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या रांगेत आपल्या पुढे ताट घेऊन उभी असते.

इतिहासाचंही तसंच आहे. १७ सप्टेंबरला आम्ही मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो, झेंडावंदन होतं, रझाकारांच्या आठवणी निघतात. निजामाच्या राज्यात किनवट हा आदिलाबाद जिल्ह्यातला तालुका होता, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. त्याच आदिलाबादच्या जोडेघाटात १९४० साली कुमराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला. जंगलावरचा आणि जमिनीवरचा हक्क एवढंच त्याचं मागणं होतं. भीम तेलंगणात घराघरांत माहीत आहे. राज्याच्या सीमेच्या अलीकडे ज्या गोंडांची सगळी सोयरीक त्याच मुलखात आहे, त्यांच्या गावांतही आहे. आमच्या ट्रेनिंग हॉलमध्ये मात्र त्याचं नाव घेतलं की लोक एकमेकांकडे बघतात.

भीम मारला गेल्यावर काय झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गोंड का पेटले, हे समजून घ्यायला निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादेत पाठवलं. तो तिथल्या मार्लवाई गावात राहिला, गोंडी शिकला. त्याच्या शिफारशींवरून गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं, गोंडीतली वाचनपुस्तकं निघाली, आणि ती देवनागरीत छापली गेली, कारण त्या भागात व्यवहाराला मराठी चालायची. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत गोंडांची गाऱ्हाणी ऐकायला दरबार भरू लागला, तो आजही भरतो. चांगली कामं झाली. पण ती झाली आधी गोळी चालवून. सरकार असो की कंपनी, समजून घ्यायचं काम कायम नुकसान झाल्यावरच हाती घेतलं जातं. माझं सगळं भांडण या क्रमाशी आहे.

हाच क्रम २०२० साली ऑस्ट्रेलियात दिसला. तिथे २००६ पासून कंपन्या मूळनिवासी समाजाशी सलोख्याचे आराखडे करतात. ‘रिकन्सिलिएशन ऑस्ट्रेलिया’ ही संस्था ते तपासते, त्यांच्या चार पायऱ्या आहेत. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, स्थानिक समाजाकडून खरेदी, नोकरभरती असं सगळं त्यात येतं. रिओ टिंटो ही खाणकंपनी सगळ्यात वरच्या पायरीवर होती. मे २०२० मध्ये तिनं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकन खिंडीतल्या दोन गुहा लोखंडाच्या खनिजासाठी सुरुंगानं उडवल्या. माणूस तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून येत होता. केसांच्या पेडाचा ४ हजार वर्षांचा तुकडा तिथे सापडला होता, आणि त्यातल्या डीएनएचं नातं आज त्या भागात राहणाऱ्या पुतु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळलं होतं. या गुहांचं मोल सांगणारे अहवाल कंपनीच्या स्वतःच्या कपाटात होते. कायद्यानं परवानगीही होती. नंतर कंपनीची सलोख्याची मान्यता काढून घेतली गेली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आणि आणखी दोघा वरिष्ठांना जावं लागलं, संसदेनं चौकशी केली. गुहा गेल्या त्या गेल्याच.

हे प्रकरण मी वाचलं तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. त्या कंपनीत प्रशिक्षण झालेलं होतं. माहिती असलेली माणसं पगारावर होती. सुरुंगाचा निर्णय ज्या टेबलावर झाला तिथपर्यंत ती माहिती वजन घेऊन पोचली नाही. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली ९२ वी उद्योगांसाठी आहे. तिथे दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत डांबलं होतं. तो इतिहास, करार आणि हक्क शिकवा असं ती शिफारस सांगते, आणि कुणाला शिकवा हेही सांगते: व्यवस्थापनाला आणि कर्मचाऱ्यांना. व्यवस्थापनाचं नाव आधी आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. साहेब लोक दीपप्रज्वलन करून मीटिंगला जातात, आणि ट्रेनीच्या बॅचला हॉलमध्ये बसवून ‘जनजागृती’ होते.

आपल्याकडच्या कार्यक्रमांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. ९ ऑगस्ट हा संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये जाहीर केलेला जागतिक आदिवासी दिन. अलीकडे काही कंपन्यांत तो साजरा होतो, ही चांगली सुरुवात आहे. पण एका ऑफिसातला कार्यक्रम मी पाहिला आणि मला तिथे उभं राहवेना. कागदी मोरपिसांचे टोप, गालावर पांढरे ठिपके, गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या साड्या, कमरेला पानं, आणि डीजेवर कुठलंतरी गाणं. सगळ्यात चांगल्या ‘लूक’ला बक्षीस. त्याच कंपनीत किनवटकडचा एक ऑपरेटर आहे, तो दुसऱ्या पाळीला आला तेव्हा फोटो काढणं चालू होतं. तो दारात थांबला, बघितलं आणि कपडे बदलायला गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, तो टोप आमच्याकडं असा कुणी बी घालत नाही.”

मग त्यानं सांगितलं. मोरपिसांचा तो मोठा टोप घुसाडीचा. दिवाळीच्या आधीच्या दिवसांत दंडार, म्हणजे गावच्या नाचणाऱ्यांचा मेळा, निघते, तेव्हा घुसाडी अंगाला राख फासून, खांद्यावर कातडं घेऊन, हातात दंडा घेऊन नाचतात. ज्यानं तो टोप चढवला तो दंडार संपेपर्यंत आंघोळ करत नाही, नेम पाळतो. तेवढे दिवस तो नुसता गावातला पोरगा नसतो, त्याच्या अंगी देव असतो. एका गावची दंडार दुसऱ्या गावाला पाहुणी जाते, ते गाव तिला जेवू घालतं, तिथेच सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दंडार संपली की टोप जपून ठेवतात, त्याचीही पूजा असते. मार्लवाईच्या कनकराजू यांना याच घुसाडी नृत्यासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. तो ऑपरेटर त्यांच्याबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलला. ही सगळी माहिती आमच्या इमारतीत, दुसऱ्या पाळीला, मशीन शॉपमध्ये हजर होती, आणि कार्यक्रम ठरवताना कुणी तिथपर्यंत चालत गेलं नाही.

कुणी म्हणेल, त्यालाच स्टेजवर बोलवायचं होतं, त्यानं नाचून दाखवलं असतं. तेही मला पटत नाही. माणूस कंपनीत सीएनसी मशीन चालवायला आला आहे. आपल्या समाजाचा प्रतिनिधी व्हायचं की नाही, हे त्यानं ठरवावं. कित्येकांना नको असतं. शहरात येऊन खोली मिळवताना, नवी ओळख करून घेताना त्यांनी जे सोसलेलं असतं, त्यानंतर ‘हा आमचा आदिवासी सहकारी’ म्हणून माईक हातात देणं म्हणजे त्याला पुन्हा वेगळं उभं करणं. ज्याला सांगायचं आहे त्याला वेळ द्यावा, मान द्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. बाहेरून ट्रेनर येतो, टाइम मॅनेजमेंटवर चार तास बोलतो, त्याला मानधन, गाडी आणि जेवण असतं. गावाहून किंगरी हे तंतुवाद्य वाजवणारा प्रधान जमातीचा कलावंत आला तर त्याला शाल आणि नारळ. दोघंही ज्ञानच देतात. दोघांची बिलं एकाच अकाउंट हेडमध्ये निघायला हवीत, असं मी दर वर्षी मांडते.

इथे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा विषय येतो आणि तिथेच गाडी अडते. कंपनी कायद्याचं १३५ वं कलम सांगतं की ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. पण कर्मचाऱ्यांच्याच फायद्याचा उपक्रम त्यात धरता येत नाही. नियम रास्त आहे, नाहीतर कंपन्यांनी सहली काढून समाजसेवा दाखवली असती. त्याचा परिणाम मात्र असा होतो की पैसा एकाच दिशेनं वाहतो. आदिवासी पाड्यावर ब्लँकेटं जातात, शाळेला बेंच जातात, बॅनर लागतो, फोटो येतो. देणारे आपण, घेणारे ते. आपल्यालाही तिथून काही घ्यायचं आहे, ही कल्पना त्या व्यवहारात कुठेच बसत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांचं शिकणं प्रशिक्षणाच्या बजेटमध्ये टाकावं लागतं, आणि ते बजेट प्लँट हेडच्या सहीनं निघतं. त्या सहीसाठी मी पुष्कळ चपला झिजवल्या आहेत.

सही मिळाली त्या वर्षी आम्ही किनवट तालुक्यातल्या एका गावी गेलो. त्याच ऑपरेटरचं गाव, त्यानं घरी आणि गावात विचारून, होकार आल्यावर. आमच्यात लाइन सुपरवायझर होते, क्वालिटीचे इंजिनीअर होते, स्टोअरचे होते, अकाउंटची एक मुलगी होती. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत रस्ता जंगलात शिरतो. मार्च सरत आला होता आणि मोह गळत होता.

मोह वेचणं म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं. फुलं रात्रीतून गळायला लागतात आणि सकाळी ऊन चढेपर्यंत गळत राहतात. म्हणून बायका अंधारातच निघतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली जात नाही. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून, जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे फूल दिसतं. फूल बोराएवढं, पिवळसर पांढरं, गरदार, दाबलं की रस येतो. वास गोड आणि जड, थोड्या वेळानं डोक्यात चढतो. प्रत्येक फूल वाकून, बोटांनी, एकेक करून उचलायचं. टोपली भरायला सकाळ जाते. आमचे क्वालिटीचे एक साहेब, जे लाइनवर सेकंदांचा हिशोब ठेवतात, तासाभरात कंबर धरून उभे राहिले आणि शेजारच्या आजींच्या हाताकडे बघत बसले. आजी सत्तरीच्या पुढच्या होत्या. बोलत होत्या, नातवाला हाका मारत होत्या, आणि हात थांबत नव्हता. वेचलेली फुलं अंगणात वाळत घालतात, चार दिवसांत ती मनुकांसारखी तपकिरी होतात. पावसाळ्यात घरात दाणा कमी असतो तेव्हा तीच शिजवून खातात, विकून मीठ-मिरची येते, गुरांना घालतात, देवाच्या कामाला दारू लागते ती यातूनच. आणि हंगामातलं नवं काहीही, मोह असो की आंबा, देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही.

त्या अंगणात मला आमच्या कंपनीचं एक सर्क्युलर आठवलं. मार्च एंडला उत्पादनाचं टार्गेट असतं, म्हणून २० मार्चनंतर रजा बंद. मोहाचा हंगाम फाल्गुन-चैत्राचा. म्हणजे ज्या दिवसांत या घराला हातांची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच दिवस आम्ही बंद केलेले. दर वर्षी या भागातली दोन-तीन पोरं त्याच आठवड्यांत न सांगता गैरहजर राहायची, आणि त्यांच्या फाइलला ‘बेशिस्त’ असा शेरा लागायचा. सुपरवायझर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी स्वतः तो शेरा मारलेला होता. ते फक्त एवढं म्हणाले, “हे सांगायचं तर यानं.” ऑपरेटर म्हणाला, “साहेब, मोह वेचायला रजा पाहिजे म्हटलं असतं तर तुम्ही हसला असता.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुपारी चावडीसारख्या एका मांडवात बसलो. ऑपरेटरच्या आजोबांनी आमच्या क्वालिटीच्या साहेबांना पहिलाच प्रश्न केला, “तुम्ही किती देवाचे?”

साहेब पैठणकडचे. म्हणाले, “आमचं कुलदैवत तुळजाभवानी.”

“ते नाही विचारलं. सोयरीक कुणात करता, कुणात करत नाही, ते सांगा.”

गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात. प्रत्येक कूळ यातल्या एका गटात. एका गटातले सगळे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात नातं जुळवतो, हा आपला भाऊ की सोयरा, आणि त्यावरून बोलण्याची रीत ठरते. आजोबा हे सांगत होते आणि साहेब विचारात पडले होते. मग हळूच म्हणाले, “आमच्यातबी लग्नात देवक बसवतात. एका देवकाचे असले तर लग्न होत नाही.” कुणी कळंब म्हणालं, कुणी पंचपल्लव. अकाउंटच्या मुलीनं तिथूनच आईला फोन लावला, आपलं देवक काय म्हणून. आजोबांना बरं वाटलं. “मग तुमचं आमचं फार लांब नाही,” म्हणाले.

त्या दिवशीच्या सगळ्या बोलण्यात ही दहा मिनिटं मला मोलाची वाटतात. तोवर आम्ही पाहुणे होतो, बघत होतो, वह्यांत लिहीत होतो. प्रश्न उलट आमच्याकडे आला तेव्हा आम्हालाही आमच्या घरात डोकवावं लागलं. मग गप्पा दोन्हीकडून झाल्या. शिकायला गेलेल्याला स्वतःबद्दल काहीच सांगावं लागत नसेल, तर ते शिकणं पाहणी होऊन बसतं.

संध्याकाळी शेजारच्या गावचे प्रधान आले, किंगरी घेऊन. गजानं वाजवायचं तारांचं वाद्य. प्रत्येक गोंड कुळाचे प्रधान ठरलेले, कुळाच्या देवांची आणि पूर्वजांची कथा त्यांच्याच तोंडी. घरात ते मराठी बोलतात, गाथा मात्र गोंडीतून म्हणतात. म्हणजे गोंडांचा इतिहास शतकानुशतकं ज्यांनी जिभेवर सांभाळला, त्यांची घरची बोली आपली मराठी आहे. मराठीवर प्रेम करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? तिथून थोड्याच अंतरावर कोलामांचा पोड होता, बांबूच्या टोपल्यांसाठी नावाजलेला. स्थानिक देवांच्या काही पूजांसाठी गोंड लोक कोलामांनाच बोलावतात, कारण या भुईचे देव त्यांना जास्त ओळखतात अशी समजूत आहे. मोठ्या जमातीनं लहान जमातीचा हा मान राखलेला बघून मी बराच वेळ तोच विचार करत होते.

परत आल्यावर काय झालं, हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. पहिली गोष्ट रजेची. मार्चमधली रजाबंदी उठली नाही, पण दोन ऐच्छिक रजा अशा झाल्या की त्या कुठल्याही महिन्यात घेता येतात आणि हजेरीचा बोनस कापला जात नाही. कुणी मोहाला घेतो, कुणी दंडारीला, कुणी पौष अमावास्येला केस्लापूरला जातो. तांड्यावरची पोरं होळीला लेंगी गाण्यांसाठी घेतात, आणि एक मुस्लिम सहकारी उरुसाला. दुसरी गोष्ट आमच्या डिझाइनमधल्या एका मुलानं आपण होऊन केली. आदिलाबादच्या गुंजाळा गावी गोंडीची जुनी हस्तलिखितं सापडली होती, त्या लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि फाँट फुकट मिळतो. त्यानं तो उतरवून घेतला आणि ऑपरेटरचं नाव त्या लिपीत छापून त्याला दिलं. ऑपरेटरला ती लिपी वाचता येत नव्हती. त्यानं तो कागद घडी न घालता घरी नेला, आणि आता दोघं मिळून अक्षरं शिकतात, जेवणाच्या सुट्टीत.

सगळ्यात अवघड भाग मात्र पारध्यांचा आहे, आणि तिथे गाणी-नृत्य-लिपी काही उपयोगाची नाही. एका कारखान्यात तांब्याचं भंगार कमी भरलं. धाराशिवकडच्या पारधी वस्तीवरचा एक मुलगा तिथे हाउसकीपिंगला होता. सिक्युरिटीनं सगळ्यात आधी त्याला बोलावलं, दोन तास बसवून ठेवलं, बॅग उलटी केली. नंतर कळलं की वजनाची नोंद चुकली होती. मुलाची कुणी माफी मागितली नाही. पगार झाल्यावर तो परत आला नाही. ज्या गार्डनं त्याला बसवलं त्याला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ठाऊक नव्हता. इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या, त्यांची हजेरी लावली, वस्त्या तारेच्या कुंपणात घातल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी नजर राहिली, आणि ती नजर आपल्या गेटवर युनिफॉर्म घालून उभी आहे. म्हणून संस्कृतीचं शिक्षण कुणाला द्यायचं अशी यादी करायची झाली, तर माझ्या यादीत सिक्युरिटीचा कंत्राटदार, भरती करणारे आणि चौकशी समितीवरचे लोक कार्यक्रमांच्या कमिटीच्या कितीतरी वर आहेत. मी आमच्या गार्डांच्या इंडक्शनमध्ये हा कायदा शिकवते. पाऊण तास लागतो. एका गार्डनं शेवटी विचारलं होतं, “मॅडम, मग हे आम्हाला शाळेत कामून नाही शिकवलं?”

यंदा गावाकडून निरोप आला आहे. ऑपरेटरनं तो वहीच्या पानावर लिहून आणला, कारण गावानं बसून ठरवलं आणि त्यातलं काही विसरू नये असं त्यांना वाटलं. पेरणीच्या आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत येऊ नका. दंडारीत आलात तर बाजूला बसा, देवाच्या ठिकाणी मोबाइल काढायचा नाही. भेटवस्तू आणू नका, पण प्रधानाचं आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं मानधन आधी ठरवा. गावातल्या बारावी झालेल्या पोरांना दोन दिवस कंपनी दाखवा, त्यांच्या गाडीभाड्यासकट. आणि शेवटची अट: मागच्या खेपेला सुपरवायझर आले होते, ते चांगले बोलले, पण रजेचा कागद त्यांच्या हातात नव्हता. या खेपेला ज्याची सही लागते त्या साहेबांना घेऊन या.

ते पान मी प्लँट हेडच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि सेक्रेटरीला विचारलं, दिवाळीच्या आधीचे कुठले दोन दिवस मोकळे आहेत. एकही नव्हता. ऑक्टोबरचा आढावा, ग्राहकाचं ऑडिट, बोर्डाची बैठक. त्यांनी ऑडिटची तारीख बदलायला सांगितली आहे, ग्राहकाचं उत्तर अजून यायचं आहे.